हलत्या अक्षरांची पाठपरंपरा

३१ डिसेंबर २०२० या दिवशी ॲडोबी कंपनीने फ्लॅश प्लेयरची देखभाल थांबविली, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या प्लेयरने कोणतीही फ्लॅश-कृती दाखविण्याचे नाकारले. बहुतेकांच्या लेखी ही संगणकक्षेत्रातील एक बातमी होती. लुकलुकणाऱ्या जाहिराती आणि कंटाळवाणी प्रवेशपृष्ठे गेली, बरे झाले, असेच पुष्कळांना वाटले असेल. परंतु त्या जाहिरातींबरोबर काही कविताही बंद पडल्या. बंद पडल्या म्हणजे दुर्मीळ झाल्या असे नव्हे. फाइल जागच्या जागी होती, पत्ता तोच होता. ती उघडून दाखविणारे यंत्र मात्र उरले नव्हते. ग्रंथ हरवणे, ग्रंथ जळणे, ग्रंथाला वाळवी लागणे हे सारे वाङ्मयेतिहासाच्या परिचयाचे आहे. ग्रंथ शाबूत असताना त्याचे वाचन असे एका तारखेला थांबावे, हा प्रकार त्याला नवा होता.

त्या कवितांची परंपरा लहान असली तरी तिची नोंद झालेली आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन' या संग्रहाचा पहिला खंड निघाला. कॅथरिन हेल्स, निक माँटफर्ट, स्कॉट रेटबर्ग आणि स्टेफनी स्ट्रिकलंड हे त्याचे संपादक, आणि त्यात साठ कृती. ब्रायन किम स्टेफन्स यांची 'द ड्रीमलाइफ ऑफ लेटर्स' (२०००) ही त्यांतली एक. रेचेल ब्लाउ डुप्लेसी यांनी एका चर्चेसाठी लिहिलेला मजकूर स्टेफन्स यांनी घेतला, त्यातील शब्द अकारविल्हे लावले आणि ते फ्लॅशमध्ये हलते केले. अक्षरे येतात, वळतात, एकमेकांत शिरतात, विरून जातात. सेऊल येथील 'यंग-हे चांग हेवी इंडस्ट्रीज' या जोडीची 'डकोटा' ही कृतीही फ्लॅशमधलीच. तिच्यात ड्रमच्या ठेक्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत शब्द आदळत राहतात, आणि एझ्रा पाउंडच्या 'कँटोज'च्या आरंभाच्या बारकाईने केलेल्या वाचनातून ती निघाली, असे तिच्या कर्त्यांनीच सांगितलेले आहे. या कृतींमध्ये गती ही सजावट नव्हे. छापील कवितेत ओळ कोठे तोडावी याला जे महत्त्व, तेच येथे शब्द किती वेळ टिकावा आणि कोणत्या वेगाने जावा याला आहे. गती काढून घेतली तर मागे उरते ती शब्दांची यादी.

म्हणून आम्हांला येथे एका जोडइतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. एकीकडे फ्लॅश होते. त्यात घडविलेली गती पाहता येत असे, पण वाचता येत नसे. त्याच सुमारास दुसरीकडे, निराळ्या हेतूंनी आणि निराळ्या माणसांकडून, गती ही आज्ञांच्या रूपात लिहिण्याची, म्हणजेच वाचता, उतरवून घेता आणि दुरुस्त करता येण्याची सोय हळूहळू तयार होत होती. हे काम ज्यांतून झाले त्यांना 'लायब्ररी' म्हणतात. येथे ग्रंथालय डोळ्यांपुढे आणू नये. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एकाने एकदा नीट लिहून ठेवाव्यात आणि इतरांनी त्या आपल्या आज्ञावलीत बोलावून घ्याव्यात, अशा तयार आज्ञांच्या जुडग्याचे हे नाव आहे. सुताराने प्रत्येक वेळी करवत स्वतः घडवू नये, इतकाच त्यामागचा विचार.

आरंभी आंतरजालावरचे पान उघडे असे. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर, म्हणजे 'सोर्स', पाहण्याची सोय पहिल्यापासून होती, आणि एका पिढीने जालपृष्ठे बनविण्याचे शिक्षण दुसऱ्याची पाने उघडूनच घेतले. १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली, तेव्हा पानावरच्या वस्तू हलविण्याचा मार्गही तत्त्वतः खुला झाला. पण तो बिकट होता. दोन ब्राउझरांत एकच आज्ञा दोन रीतींनी चालत असे, आणि सामान्य पानावर गती दिसायची ती सरकणाऱ्या 'मार्की'ची आणि लुकलुकणाऱ्या शब्दांची. त्या काळातील पाने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

फ्लॅशने ही अडचण चुटकीसरशी दूर केली. जोनाथन गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये 'फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर' या नावाने ते आणले, त्याच वर्षअखेरीस मॅक्रोमीडियाने ते घेतले, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियासह ते ॲडोबीकडे गेले. २००० साली फ्लॅशच्या पाचव्या आवृत्तीत 'ॲक्शनस्क्रिप्ट' ही आज्ञांची भाषा आली. म्हणजे फ्लॅशमध्येही गती लिहिली जात होतीच. मात्र लिहिणारा एका प्रकारच्या फाइलमध्ये लिही आणि वाचकाला मिळे ती दळून निघालेली दुसरी फाइल. तिचा आराखडा १९९८ पासून प्रसिद्ध असला, तरी तो वापरून कोणी स्वतंत्र प्लेयर तयार करू नये, अशी अट २००८ पर्यंत त्याला जोडलेली होती. मराठीच्या विद्यार्थ्याला येथे महानुभावांच्या सकळ आणि सुंदरी लिप्या आठवतील. ग्रंथ होते, त्यांचे पठण होते, पण सांकेतिक लिपीची किल्ली पंथाबाहेर नव्हती. राजवाड्यांनी ती उकलली तेव्हा कोठे ते वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकांपुढे आले. साम्य याहून पुढे ताणू नये. महानुभावांच्या गुप्ततेमागे श्रद्धा होती आणि रक्षणाची गरज होती, फ्लॅशच्या मागे व्यापार.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. त्याचा उगम आंतरजालाच्या कितीतरी आधीचा आहे. १९६७ मध्ये वॉली फर्झाइग, सीमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा केली. 'शब्द' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव ठेवले गेले. पुढे तिच्यात कासव आले. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' एवढ्या आज्ञांवर ते कासव चाले, आणि त्याच्या मागे रेघ उमटे. चित्र हे हाताने काढण्याऐवजी वाक्यांनी काढता येते, आणि मूल ते शिकू शकते, हा विचार तेथून रुजला.

१९९९ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएडा यांनी 'डिझाइन बाय नंबर्स' ही भाषा आणली. शंभर बाय शंभर ठिपक्यांचा चौकोन आणि रंग म्हणून काळ्यापांढऱ्यातील छटा, एवढाच तिचा संसार. पहिल्या आज्ञा 'पेपर' आणि 'पेन'. संगणकाला कागद-लेखणीच्या पायरीवर उतरविणारा हा संन्यस्त प्रकार कलाविद्यार्थ्यांसाठी होता. माएडांच्याच गटातील केसी रीस आणि बेन फ्राय या दोन विद्यार्थ्यांनी २००१ मध्ये त्यातून 'प्रोसेसिंग' उभे केले आणि ते पहिल्यापासून मुक्त ठेवले. प्रोसेसिंगमध्ये आज्ञावलीला 'स्केच' म्हणतात आणि ती जेथे साठते त्या कप्प्याला 'स्केचबुक'. शब्दांची ही निवड अजाणता झालेली नाही. अभियंता आधी आराखडा करतो आणि मग बांधतो. चित्रकार रेघ मारून पाहतो, खोडतो, पुन्हा मारतो. रीस आणि फ्राय यांनी आज्ञा लिहिण्याला दुसऱ्या पंक्तीत बसविले.

प्रोसेसिंगचे स्केच दोन भागांत असते. 'सेटअप' या भागातील आज्ञा एकदाच पाळल्या जातात. 'ड्रॉ' या भागातील आज्ञा पुन्हा पुन्हा, सेकंदाला साठ वेळा. गती उत्पन्न होते ती या पुनरावृत्तीतून. प्रत्येक फेरीत वर्तुळ पूर्वीपेक्षा किंचित उजवीकडे काढायचे, बस्स. साहित्याच्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये, कारण पालुपद याच रीतीने चालते: तीच ओळ परत येते, पण दरम्यान कडवे बदललेले असते, आणि म्हणून तीच ओळ तीच राहत नाही.

प्रोसेसिंग जावा भाषेवर उभे होते आणि त्यातील कृती 'ॲपलेट'च्या रूपाने ब्राउझरमध्ये दिसत. येथे एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे, कारण मुक्त सॉफ्टवेअरचे चाहते ती सहसा मांडत नाहीत. ॲपलेटही बुडाले. ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला (क्रोमने २०१५ मध्ये), आणि प्रोसेसिंगमधल्या जालावरील कृती फ्लॅशमधल्या कृतींच्या आधीच अंधारात गेल्या. मुक्तपणा हा अमरपट्टा नव्हे. फरक पडला तो त्यानंतर. प्रोसेसिंगच्या कृतींचे मूळ स्केच पुष्कळदा कृतीच्या शेजारीच ठेवलेले असे. ते वाचून कोणालाही नव्या भाषेत उतरवता येत होते. जॉन रेझिग यांनी २००८ मध्ये 'प्रोसेसिंग.जेएस' लिहून ही सोय केली होती. २०१८ च्या अखेरीस तेही थांबले. पण तोवर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये सुरू केलेले 'पी५.जेएस' पुढे गेले होते. प्रोसेसिंग आज, ब्राउझरच्या भाषेत, नव्याने करायचे झाले तर ते कसे असेल, या प्रश्नातून ते निघाले. 'सेटअप' आणि 'ड्रॉ' तेथे जसेच्या तसे राहिले. २०२५ मध्ये त्याची दुसरी प्रमुख आवृत्ती आली. डॅनियल शिफमन यांचे 'द नेचर ऑफ कोड' हे पाठ्यपुस्तक २०१२ मध्ये प्रोसेसिंगसाठी लिहिले गेले आणि २०२४ च्या आवृत्तीत त्यातील सर्व उदाहरणे पी५मध्ये आली. जुन्या काळी पोथीचे लिप्यंतर होई, त्यातलाच हा प्रकार. यंत्र गेले, पाठ उरला.

पाठ उरणे म्हणजे काय, याचे आमच्या मते सर्वांत सुंदर उदाहरण एका अगदी छोट्या गोष्टीत आहे. वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायची तर ती सारख्या वेगाने नेता येते. पण डोळ्याला ते निर्जीव वाटते. सजीव हालचाल सावकाश सुटते, मध्ये वेग घेते, शेवटी मंदावते. डिस्नेच्या चित्रकारांना हे हाताने चित्रे काढतानाच उमगले होते. हालचालीच्या दोन टोकांपाशी ते चित्रे दाट काढत आणि मध्ये विरळ. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात जी बारा तत्त्वे नोंदविली, त्यांत याला 'स्लो इन, स्लो आउट' असे नाव आहे. १९८७ मध्ये जॉन लॅसेटर यांनी ती तत्त्वे संगणकावरच्या ॲनिमेशनला कशी लागू पडतात ते एका निबंधात दाखविले.

फ्लॅशच्या जगात रॉबर्ट पेनर यांनी २००१ मध्ये हीच गोष्ट लहान लहान सूत्रांत बसविली. प्रत्येक सूत्राला चार गोष्टी सांगायच्या: गेलेला वेळ, आरंभीचे स्थान, एकूण बदल आणि लागणारा अवधी. उत्तरात त्या क्षणाचे स्थान मिळते. वर्गावर आधारलेले साधे सूत्र घेतले, तर अर्ध्या वेळात पाव अंतर कापले जाते आणि उरलेले पाऊण अंतर उरलेल्या अर्ध्या वेळात. तेच सूत्र उलटे केले की अर्ध्या वेळातच पाऊण अंतर, आणि मग रेंगाळत रेंगाळत पोचणे. काही सूत्रांत वस्तू मुक्कामाच्या पुढे जाऊन मागे येते, काहींत चेंडूसारखी उसळते. विलंबित आणि द्रुत यांच्यामधल्या जागा ज्यांच्या कानाला कळतात त्यांना हा भेद समजावून सांगायला नको.

पेनर यांनी ही सूत्रे बीएसडी परवान्याखाली मोकळी केली. फ्लॅशमधून ती जावास्क्रिप्टमध्ये उतरली. जेक्वेरी या लायब्ररीच्या 'इझिंग' जोडणीत ती आली, पुढे डी३मध्ये आली, इतर अनेक ठिकाणी गेली. फ्लॅश गेले तरी त्यात जन्मलेली ही सूत्रे आज कित्येक पानांवर रोज चालतात. आणि त्या जेक्वेरी-जोडणीची फाइल उघडून पाहावी: तळाशी पेनर यांचे नाव आणि २००१ हे वर्ष. परवान्याची अट तेवढीच आहे. वापरा, बदला, भर घाला, पण मूळ कर्त्याचे नाव पुसू नका. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले. त्यांची चिंता पाठात भर पडण्याची होती. बीएसडीसारख्या परवान्यांना भर पडण्याची चिंता नाही, नाव गळण्याची आहे. पाठ आणि कर्ता यांचा संबंध राखण्याच्या या दोन निरनिराळ्या रीती आहेत, आणि पाठचिकित्सेच्या वर्गात त्या शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

२००५ ते २०११ या काळात अशा लायब्रऱ्यांचे पीक आले. थॉमस फुक्स यांची 'स्क्रिप्टाक्युलस' आणि व्हालेरिओ प्रोइएत्ती यांची चिमुकली 'मू.एफएक्स' २००५ च्या; रेझिग यांची जेक्वेरी जानेवारी २००६ ची. त्यांची कार्यपद्धती साधी होती: घड्याळ लावायचे आणि ठरावीक अंतराने वस्तूचे स्थान किंवा पारदर्शकता थोडी बदलायची. जेक्वेरीत हे अंतर १३ मिलिसेकंदांचे होते. घड्याळ आणि पडदा यांचा ताल जुळेलच असे नसे, म्हणून गती अडखळे. २०११ मध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत पडदा नव्याने रंगविण्याच्या क्षणीच आज्ञा चालविण्याची सोय आली, पुढे ती सर्वत्र पसरली, आणि हा दोष बराचसा गेला. रिकार्दो काबेल्यो यांनी २०१० मध्ये खुले केलेले 'थ्री.जेएस' त्रिमितीसाठी आहे. त्याचा आरंभीचा कोड ॲक्शनस्क्रिप्टमध्ये होता, ही गोष्टही फ्लॅश आणि मुक्त लायब्रऱ्या यांच्यातल्या गुप्त नात्याची साक्ष देते. माइक बॉस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांचे 'डी३' २०११ चे. ते मुळात आकडेवारी चित्रित करण्यासाठी असले तरी त्याची परिभाषा नाटकवाल्यांना ओळखीची वाटेल. माहिती बदलली की काही घटक 'एंटर' होतात, काही 'अपडेट', काही 'एग्झिट'. प्रवेश, स्थित्यंतर, प्रस्थान.

एक शब्द मात्र नीट पारखून घेतला पाहिजे. इंग्रजीत 'फ्री' म्हटले की दोन अर्थ निघतात आणि रिचर्ड स्टॉलमन यांना १९८० च्या दशकापासून तो घोळ निस्तरत बसावे लागले. आपल्या भाषेत तो घोळ नाही. मुक्त वेगळे, फुकट वेगळे. ग्रीनसॉक ही जॅक डॉइल यांची ॲनिमेशन-लायब्ररी, जी 'जीसॅप' या नावाने ओळखली जाते, ती फ्लॅशच्या काळात जन्मली आणि २०१२ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आली. कारागिरीच्या दृष्टीने ती उत्तम आहे. २०२४ मध्ये वेबफ्लो या कंपनीने ती घेतली आणि २०२५ मध्ये, पूर्वी पैसे मोजून मिळणाऱ्या जोडण्यांसह, सर्वांसाठी विनामूल्य केली. तिचा कोडही उघडून वाचता येतो. तरीही ती मुक्त नव्हे, कारण कंपनीच्या स्वतःच्या साधनाशी स्पर्धा करील अशा साधनात ती वापरण्यास परवाना मनाई करतो. मालक बदलला की अटी बदलू शकतात, हे तिच्या इतिहासातच दिसले. या खेपेला बदल सुखाचा झाला, इतकेच. आपली कविता कोणत्या अटींवर हलते आहे, हे कवीला ठाऊक असावे.

फ्लॅशमधल्या कवितांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. 'रफल' या मुक्त प्रकल्पाने रस्ट भाषेत फ्लॅश प्लेयरची नवी प्रतिकृती लिहिली. नोव्हेंबर २०२० पासून इंटरनेट आर्काइव्हने ती वापरून जुन्या फ्लॅश-कृती पुन्हा चालत्या केल्या. म्हणजे बंदिस्त पेटी उघडण्याची किल्लीही शेवटी मुक्त कोडच्या लोकांनीच घडविली. ॲक्शनस्क्रिप्टच्या जुन्या आवृत्त्यांत रफल लवकर तरबेज झाले, तिसऱ्या आवृत्तीत त्याला अधिक कष्ट पडले. जुन्या, साध्या कविता म्हणून आधी वाचल्या.

येथवरचा इतिहास अमेरिकेतला आणि युरोपातला आहे, आणि तो रोमन लिपीचा आहे. तो देवनागरीपाशी आला की काय होते, हे पाहिल्याखेरीज मराठी वाचकाने त्याला निरोप देऊ नये.

अक्षरे स्वतंत्रपणे हलवायची तर आधी शब्दाचे तुकडे करावे लागतात. डेव्ह रूपर्ट यांची 'लेटरिंग.जेएस' ही २०१० मधील जेक्वेरी-जोडणी याच कामाची: शब्द घ्यायचा, 'स्प्लिट' या आज्ञेने फोडायचा, आणि प्रत्येक तुकड्याभोवती वेगळे वेष्टन घालायचे. रोमन लिपीत ते निर्वेध चालते, कारण तेथे लिपीचे चिन्ह आणि वाचकाला दिसणारे अक्षर बहुधा एकच असते. 'साहित्य' हा शब्द त्या आज्ञेपुढे ठेवावा. तिला सात तुकडे मिळतात: स, काना, ह, पहिली वेलांटी, त, हलन्त आणि य. वेगळा पडलेला काना आपल्या अक्षराच्या शोधात ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा राहतो. वाचकाला मात्र दिसतात ती तीन अक्षरे: सा, हि, त्य. अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार असे मोजणाऱ्या परंपरेत 'साहित्य' तीन अक्षरी आहे, याबद्दल कधी वाद नव्हता. जी आज्ञा त्याला सात मोजते, तिच्याकडून अभंग मोजवून घेता येणार नाही, हलविणे तर दूरच.

युनिकोडच्या प्रमाणात वाचकाला एकसंध वाटणाऱ्या तुकड्यांची व्याख्या होती, पण बराच काळ तीही अपुरी होती. तिच्याप्रमाणे 'साहित्य'चे चार तुकडे होत: सा, हि, त्, य. काना आणि वेलांटी तिला समजत होत्या, जोडाक्षर समजत नव्हते. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत हलन्ताने जोडलेली व्यंजने एकत्र ठेवण्याचा नियम आला, आणि देवनागरी, बंगाली, गुजराती अशा लिप्यांपुरता तिचा हिशेब छंदःशास्त्राशी जुळला. असे तुकडे ब्राउझरकडूनच करवून घेण्याची 'सेगमेंटर' ही सोय २०२० मध्ये क्रोममध्ये, २०२१ मध्ये सफारीमध्ये आणि एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये आली. लेटरिंग.जेएससारख्या लायब्ररीत 'स्प्लिट' काढून तेथे 'सेगमेंटर' बसविणे हे काही ओळींचे काम आहे, आणि तिचा परवाना इतका सैल आहे की त्यासाठी कोणाला विचारावेही लागत नाही. फ्लॅशच्या दळलेल्या फाइलमध्ये हीच दुरुस्ती कोणी वाचक करू शकला नसता.

तरी एक गाठ उरतेच. अक्षर अखंड ठेवले की ते हलते, पण कवीला कधी अक्षराच्या आतही शिरायचे असते. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने, ज्यांच्या हातचा 'मंगल' हा टंक विंडोजबरोबर घरोघर पोचला, देवनागरीच्या अवयवांकडे आयुष्यभर पाहिले. कान्याला, मात्रेला, रफाराला स्वतःचे देह असतात हे त्यांच्या कामात दिसते. पहिली वेलांटी उच्चारात आणि साठवणीत व्यंजनाच्या नंतर येते, पण दिसते त्याच्या आधी. 'र्य' मधला रफार उच्चारात आधी येतो आणि दिसतो शेवटी, तोही डोक्यावर. कोणाचा अवयव कोठे बसवायचा, हे क्रोम आणि फायरफॉक्समध्ये 'हार्फबझ' ही आणखी एक मुक्त लायब्ररी ठरविते, आणि ठरविल्यावर पानाच्या आज्ञावलीला त्या अवयवांचा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. 'हि' मधून वेलांटी सुटावी, हळूहळू डावीकडे जावी आणि मागे एकटा 'ह' उरावा, अशी ओळ मराठी कवीला लिहायची असेल, तर त्याला हार्फबझपाशीच जाऊन टंकातील प्रत्येक आकृतीचे स्थान विचारून घ्यावे लागेल, ती आकृती स्वतः रेखाटावी लागेल आणि मग पेनर यांचे एखादे सूत्र तिला लावावे लागेल. हार्फबझ ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टमधून वापरण्याजोगे रूपही आज उपलब्ध आहे, तेही मुक्त.